ब्लॅक बॉक्सच्या 'राइड ऑन टाइम'सारखा पियानो घरी कसा बनवायचा? आणि या इटालियन ग्रुपचं एवढं नाव का?

आधी पियानो, कारण सगळ्यात जास्त नक्कल त्याचीच झाली.

खरा ग्रँड पियानो निवडलात की काम बिघडतं. त्याच्या आवाजाची शेपूट लांब, त्यामुळे किकखाली (ड्रमच्या जड ठोक्याखाली) नुसता गाळ साचतो. १९८८ साली आलेल्या कॉर्ग एम१ या सिंथेसायझरमधला 'पियानो १६' हा कडक, चकचकीत आवाज त्या काळच्या हाउसची (क्लबमध्ये वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताची) ओळख बनला. आता त्याची सॉफ्टवेअर आवृत्ती मिळते. टेम्पो मिनिटाला ११८ ठोक्यांच्या आसपास ठेवा. एका बारचे (चार ठोक्यांच्या आवर्तनाचे) १६ भाग पाडून १, ४, ७, ११ आणि १४ वर कॉर्ड मारा. सुरुवातीला ए-सी-ई, मग ए-सी-एफ, मग बी-डी-जी असं वाजवा, म्हणजे बोटं फार न हलवता ए मायनर, एफ आणि जी मिळतात. डाव्या हातात फक्त मूळ स्वर, तोही ऑक्टेव्हमध्ये. तिथे तिसरा स्वर घातला की आवाज गढूळ होतो. व्हेलॉसिटी (नोट किती जोरात वाजते तो आकडा, कमाल १२७) ११० च्या वर, सस्टेन पेडल बंद, १५० हर्ट्झखालचं कापून टाका, रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) अगदी थोडा. एवढं करूनही मिळमिळीत वाटलं, तर नोटांची लांबी तपासा. बहुतेक वेळा त्या नको तितक्या लांब असतात.

आता नावाचं. डानिएले डाव्होली, मिर्को लिमोनी आणि व्हालेरिओ सेम्प्लिची या तिघांनी १९८९ मध्ये केलेलं हे गाणं ब्रिटनमध्ये ६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि तिथलं त्या वर्षीचं सर्वाधिक खपाचं सिंगल ठरलं. त्याच सुमारास ४९अर्स, एफपीआय प्रोजेक्ट आणि याच तिघांचं स्टारलाइट अशी इटालियन नावं तिथे वाजू लागली. पियानो हाउसला रेव्हच्या (रात्रभराच्या मोठ्या नाच-पार्ट्यांच्या) गर्दीपर्यंत पोचवण्यात या लाटेचा वाटा मोठा.

पण माझ्या मते ग्रुपचा खरा परिणाम गायिकांमुळे झालेल्या वादात आहे. 'राइड ऑन टाइम'मधला आवाज लोलिएटा हॉलोवे यांच्या १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन'मधून उचललेला. पडद्यावर ओठ हलवणारी कॅट्रीन किनोल ही मॉडेल. वाद झाल्यावर हीदर स्मॉल यांच्या आवाजात गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित झालं. पुढे 'एव्हरीबडी एव्हरीबडी' मार्था वॉश गायल्या, तरी व्हिडिओत किनोलच दिसली. वॉश कोर्टात गेल्या, तडजोड झाली आणि खऱ्या गायिकेचं नाव छापण्याचा आग्रह वाढला.

तुम्हीही जुना आवाज तोडून वापरणार असाल तर पियानो गायिकेच्या सुरात लावा. आवाजच २ सेमीटोनांपेक्षा (पियानोच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १ सेमीटोन) जास्त सरकवला तर तो नकली वाटू लागतो. प्रत्येक तुकड्याला सुरुवातीला आणि शेवटी ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या, नाहीतर जोडावर टक्‌ ऐकू येतं. परवानग्या दोन लागतात: एक ध्वनिमुद्रणाची, दुसरी गीत-संगीताची. नवी गायिका बोलावून त्याच ओळी पुन्हा गाऊन घेतल्या तर पहिली टळते, दुसरी मात्र घ्यावीच लागते.