सुंतेचा फॉर्म पुढ्यात येण्याआधी

अमेरिकेत मुलगा झाला की एक-दोन दिवसांत नर्स विचारते, "सुंता आज करून टाकायची ना?" बऱ्याचदा त्या सुरातच होकार गृहीत असतो, आणि रात्रभर जागलेले आईबाप सही करून मोकळे होतात. म्हणून आठव्या महिन्यातच ठरवा.

डॉक्टर लुबाडायला बसलेत असं अजिबात नाही. पण तिथे कामागणिक पैसे मिळतात. सुंता केली की डॉक्टरची फी वेगळी, हॉस्पिटलचा आकार वेगळा. अर्धा तास बसून "गरज नाही" हे समजावलं, तर त्याचं बिल लागत नाही. शिवाय करणारा बहुधा आईचाच प्रसूतितज्ज्ञ. 2009 मधल्या एका अभ्यासात, ज्या राज्यांत मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) हा खर्च देतं तिथल्या हॉस्पिटलांत सुंतेचं प्रमाण 24 टक्के-बिंदूंनी जास्त दिसलं. ब्रिटनमध्ये 1948 नंतर सरकारी सेवेने सरसकट सुंतेचा खर्च उचलला नाही; तिथे ही प्रथा ओसरली.

पैशापेक्षा सवय मोठी, असं आमचं मत. अमेरिकन बालरोग अकादमीने 2012 मध्ये फायदे धोक्यांपेक्षा जास्त ठरवले, तरी सरसकट शिफारस केली नाही. विम्याने खर्च द्यावा, हे मात्र आवर्जून म्हटलं. पुढच्याच वर्षी 38 डॉक्टरांनी, त्यातले बहुतेक युरोपातले, यात सांस्कृतिक पूर्वग्रह असल्याचं लिहिलं. अकादमीचं उत्तर: पूर्वग्रह तुमचाही असू शकतो. तेही खरंच!

नको असेल तर प्रसूतीच्या फाइलमध्ये तशी नोंद करून घ्या, बाळाच्या पाळण्यावर चिठ्ठी लावा आणि संमतीपत्रांचा गठ्ठा एकेक पान वाचून सही करा. नंतर तपशीलवार बिल मागवा. त्यात 54150 किंवा 54160 हे सुंतेचे कोड दिसले तर हरकत घ्या.

मुसलमान आणि बेने इस्राएली कुटुंबांत कारण धर्माचं असतं. करायचीच असेल तर इंजेक्शनची स्थानिक भूल मागा, नुसतं साखरपाणी पुरत नाही. रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के दिलंय ना, हे विचारा. घरात रक्तस्रावाचा आजार असेल किंवा लघवीचं छिद्र खालच्या बाजूला असेल, तर थांबा.

सुंता न केलेल्या बाळाच्या शिश्नाच्या टोकावरची त्वचा मागे ओढायची नसते. ती आत चिकटलेली असते आणि पुढे काही वर्षांत आपोआप सुटते. ओढली तर चिरते, रक्त येतं, व्रण धरतो. सुंता झालेलीच बाळं पाहायची सवय असलेल्या एखाद्या दवाखान्यात तपासताना ती मागे सारली जाते. डायपर काढण्यापूर्वीच सांगा: "फक्त बाहेरून बघा."