मऊ अंडं घालणारी कोंबडी: सुरुवातीला एवढंच करा

भाऊ, घाबरू नका. तुमची कोंबडी मऊ कवचाचं अंडं घालते आणि तिच्या पायांत बळ नाही, हे बहुतेक वेळा कॅल्शियम कमी पडल्याचंच लक्षण. एका अंड्याच्या कवचात जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. दाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. नुसती ज्वारी आणि तांदळाची कणी टाकत असाल तर दुसरं काय होणार!

शिंपल्याचा चुरा आणा आणि वेगळ्या वाटीत ठेवा, दाण्यात कालवू नका. लागेल तेवढा ती स्वतःच खाते. संध्याकाळी तर ठेवाच, कारण कवच बरंचसं रात्री तयार होतं. घरच्या अंड्यांची टरफलंही चालतात, पण भाजून, बारीक कुटून. अख्खी टाकली की कोंबडी अंडी फोडून खायला शिकते. माझ्या दोन शिकल्या होत्या.

मग सकाळचं ऊन. ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र दुपारी सावली आणि गार पाणीच हवं. धापा टाकणारी कोंबडी कमी खाते आणि कवच आणखी पातळ होतं.

दोन चुका टाळा:
- खर्र्यात, म्हणजे तंबाखू-सुपारीत, घालायचा चुना चारू नका, तोंड भाजतं.
- अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य पिल्लांना देऊ नका. जास्तीच्या कॅल्शियमनं त्यांची किडनी बिघडते.

उठताच येत नसेल, मान वाकडी झाली किंवा एकदम चार-पाच आजारी पडल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मानमोडी, म्हणजे राणीखेत हा साथीचा रोगही असू शकतो. खनिज मिश्रणाचं नंतर बोलू.