रोजच्या रस्त्यासाठी स्पोर्ट्स कार सोडून इलेक्ट्रिक घेताय? आधी टायर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मॅन्युअल गिअरची स्पोर्ट्स कार रोज कामावर नेता, जाण्यायेण्यात रोजचे दोनेक तास जातात आणि घरी पोहोचेपर्यंत डोकं भणभणतं. तर शांत इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, घेतली तर चालवण्यातली मजा संपेल का, आणि जुन्या गाडीचं काय करावं? मी बरीच वर्षं अशाच गाडीने कामावर जात होते आणि नंतर इलेक्ट्रिकवर आले. माझं उत्तर स्पष्ट आहे: घ्या. मात्र गाडी इलेक्ट्रिक आहे म्हणून ती आतून शांत असेलच, असं धरून चालू नका. तुम्हाला हवी असलेली शांतता बरीचशी टायर, काचा आणि चाकांच्या आकारावर ठरते, आणि शोरूममध्ये याबद्दल आपणहून फारसं कुणी बोलत नाही.

आधी डोकं का भणभणतं ते बघू. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १०० हर्ट्‌झचा सलग खर्ज. सहा सिलिंडर असतील तर १५० हर्ट्‌झ. स्पोर्ट्स कारचा सायलेन्सर हा आवाज फारसा दाबत नाही, कारण त्यासाठीच तर लोक ती गाडी घेतात. घाटात आरपीएम सारखा वरखाली होत असतो, तेव्हा हाच आवाज कानाला गोड लागतो. पण एकाच वेगाने अर्धा तास चाललात की तो लहानशा केबिनमध्ये घुमत राहतो, आणि इतक्या खालच्या पट्टीतला आवाज नुसती काच वर करून अडत नाही. त्यात ट्रॅफिकमध्ये जड क्लच, रस्त्याचा प्रत्येक सांधा कमरेला कळवणारं कडक सस्पेन्शन आणि जमिनीला टेकलेली सीट. ही गाडी ज्या कामासाठी बनवली आहे, ते काम तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर कधी निघतच नाही. त्रास मात्र सगळा वाट्याला येतो.

इलेक्ट्रिक गाडीत तो खर्ज पूर्णपणे जातो. सिग्नलला उभं असताना तर काहीच ऐकू येत नाही, फार तर एसीच्या कॉम्प्रेसरची बारीक घरघर. पहिल्या दिवशी माणूस इथेच खूश होतो आणि गाडी बुक करतो. पण साधारण ५० च्या पुढे, एकसारख्या वेगाने जाताना, आजच्या पेट्रोल गाड्यांतही इंजिनापेक्षा टायरचाच आवाज मोठा असतो. शंभरीच्या आसपास त्यात वाऱ्याची भर पडते. हे दोन्ही आवाज इलेक्ट्रिक मोटर कमी करत नाही. उलट इंजिन त्यांना झाकून ठेवत होतं, ते झाकण निघतं. डॅशबोर्डमधली एखादी बारीक किरकिर, दरवाजाच्या रबरातून येणारी शीळ, मागच्या सीटच्या कडीचा खुळखुळाट, सगळं ऐकू यायला लागतं. गाडी काही खराब नसते. हे आवाज तुमच्या जुन्या गाडीतही असतील, पण ऐकू येत नव्हते.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात खरखरीत डांबराचा किंवा काँक्रीटचा तुकडा निवडा. म्युझिक बंद, एसीचा पंखा एकवर, आणि ८० ते १००चा जो वेग तिथे चालतो त्या वेगाने पाच मिनिटं सरळ चालवा. शेजारी बसलेल्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलून बघा. मग त्याला चालवायला देऊन तुम्ही मागे बसा, कारण मागच्या चाकांचा आवाज पुढच्या सीटवर नीट कळत नाही. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत डांबरावर आलात की आवाज एकदम किती उतरतो, ते कान देऊन ऐका. फार उतरला, तर समजा की टायरचा आवाज केबिनमध्ये भरपूर येतो आहे.

टायरच्या आत कोंडलेली हवासुद्धा घुमते, साधारण २०० हर्ट्‌झच्या आसपास, आणि तो पोकळ 'घुंम्म' आवाज थेट केबिनमध्ये येतो. त्यासाठी काही टायरना आतून फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. खडबडीत रस्त्यावर त्याचा फरक जाणवतो. अशा टायरचं पंक्चर काढताना मात्र त्या जागचा फोम खरवडावा लागतो आणि ते काम सगळीकडे होत नाही. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीही नसते, हे घेण्यापूर्वीच विचारा. पुढच्या काचा दुहेरी, मध्ये ध्वनिरोधक थर असलेल्या आहेत का, तेही बघा. काच थोडी खाली केली की तिच्या कडेला दोन थरांमधली रेघ दिसते. वाऱ्याच्या आवाजाला सगळ्यात जास्त उपयोग या काचेचा होतो.

चाकांच्या बाबतीत तर माझं मत ठाम आहे. त्याच मॉडेलमध्ये १८ इंची आणि २० इंची असे पर्याय असतील, तर डोळे मिटून १८ घ्या. टायरची भिंत उंच मिळते, खड्डा कमी लागतो, आवाज कमी येतो आणि रेंजही थोडी वाढते. स्पोर्ट्स कारमधून येणाऱ्या माणसाला मोठ्या चाकांचा मोह होतोच. रोजच्या रस्त्यासाठी तो आवरा.

तसाच दुसरा मोह पिकअपचा. शून्य ते शंभर किती सेकंदांत, यावरून गाडी निवडू नका. इलेक्ट्रिक मोटर पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, अगदी सुरुवातीपासून देते, त्यामुळे साधी, मधल्या दर्जाची इलेक्ट्रिकसुद्धा सिग्नलवरून निघताना तुमच्या आत्ताच्या गाडीला अनेकदा मागे टाकेल, तीही क्लच न दाबता. त्याहून वेगवान मॉडेल घेतलंत की सोबत रुंद टायर, मोठी चाकं आणि कडक सस्पेन्शन येतं. म्हणजे जे सोडायचं होतं तेच पैसे देऊन परत आणलंत.

आता मजेबद्दल. काही गोष्टी जातात, आणि ते मी लपवणार नाही. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येताना ॲक्सिलरेटरला हलकी थाप देऊन आरपीएम जुळवणं, तो नेमका क्षण साधला की गाडी झटका न देता गिअर घेते, ते समाधान इलेक्ट्रिकमध्ये नाही. ह्युंदाईने २०२३ मध्ये आणलेल्या आयोनिक ५ एन मध्ये नकली गिअर आणि नकली आवाज दिले आहेत आणि ती करामत खरोखर मेहनतीने केलेली आहे. पण कामावर जायच्या गाडीत मला तिची गरज वाटत नाही. दुसरं, वजन. माझदा एमएक्स-५ सारखी हलकी स्पोर्ट्स कार साधारण एक टनाची, तर मध्यम बॅटरीची इलेक्ट्रिक सहज पावणेदोन टनांच्या घरात जाते. बॅटरी जमिनीलगत असल्यामुळे ती वळणावर फारशी कलत नाही, म्हणून वजन लगेच कळत नाही. पण ओल्या रस्त्यावर थोडं जास्त वेगात वळण घेतलंत की पुढचे टायर वजन ओढताना जाणवतात. हलक्या गाडीतली सवय इथे चालत नाही. याच वजनामुळे आणि टॉर्कमुळे टायरही लवकर झिजतात. बदलताना गाडीला सांगितलेला लोड इंडेक्सच (टायर किती वजन पेलतो तो आकडा) घ्या, खालचा नको.

मात्र स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याच्या पायात जे कसब असतं, ते वाया जात नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडली. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनरेटर होते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत जाते. यालाच रीजन (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग) म्हणतात. ते जोरात ठेवलं असेल तर ब्रेकला पाय न लावता गाडी उभीही करता येते. नवखा माणूस पाय झटकन उचलतो, गाडी मान टाकते आणि मागे बसलेल्यांना मळमळायला लागतं. तुम्ही मात्र पेडलचा एकेक मिलिमीटर जपून वापरणारे. लांबून सिग्नल लाल दिसला की पाय हळूहळू सैल करायचा, पुढच्या गाडीचं अंतर बघत दाब अगदी जरासा कमीजास्त करायचा, आणि शेवटच्या दोन मीटरला पुन्हा किंचित दाबून सोडायचा, म्हणजे थांबताना धक्का बसत नाही. हे साधलं की शेजारच्याच्या हातातला चहा हिंदकळत नाही. पहिले काही दिवस रीजन कमी ठेवा आणि पाय सरावला की वाढवा. घरचे मागे बसणार असतील तेव्हा पुन्हा कमी करा.

बॅटरी पूर्ण भरलेली असताना किंवा फार थंड असताना रीजन जवळजवळ मिळत नाही, कारण वीज ठेवायला जागा नसते किंवा बॅटरी ती झपाट्याने घेऊ शकत नाही. घरातून निघाल्या निघाल्या उतार असेल आणि बॅटरी शंभर टक्के असेल, तर पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. हे माहीत नसेल तर छातीत धस्स होतं. आणि ब्रेक फार कमी वापरले गेल्याने डिस्कवर गंज धरतो, म्हणून आठवड्यातून एकदा मागे कुणी नाही असं बघून दोन-तीन वेळा ब्रेक जरा जोराने लावा.

वेगाचा अंदाज चुकतो, हेही लक्षात असू द्या. इतकी वर्षं तुम्ही वेग कानाने मोजत आलात. अमुक आवाज म्हणजे साठ, तमुक आवाज म्हणजे ऐंशी, हे अंगात मुरलेलं असतं. आवाज गेला की आपण चालवतोय त्यापेक्षा हळू चाललोय असं वाटतं. शहरात स्पीड लिमिटरचं बटण वापरायला लाजू नका. आणि बाहेरच्यांनाही तुम्ही ऐकू येत नाही. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२१ पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना २० किमी वेगापर्यंत कृत्रिम आवाज सक्तीचा आहे, तो दृष्टिहीन माणसं, मुलं आणि सायकलवाले यांच्यासाठीच. तुमच्या गाडीत तो आवाज बंद करायचं बटण असेल तर त्याला हात लावू नका. आपल्या शांततेची किंमत रस्ता ओलांडणाऱ्याने मोजायची, हे मला पटत नाही. पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना तर फारच जपा.

चार्जिंगबद्दल फार लिहीत नाही. रोज ८० किमी धरले आणि १०० किमीला १५ ते १७ युनिट खर्च धरला, तर रोजचे १२ ते १४ युनिट होतात. ७ किलोवॉटच्या चार्जरवर दोन तासांचं काम, साध्या सॉकेटवर सहा-सात तासांचं, म्हणजे रात्रीत सहज होतं. ट्रॅफिकमध्ये ही गाडी उलट जास्त काटकसरी, सुसाट रस्त्यावर मात्र वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि रेंज उतरते. रोजच्या अंतराच्या तिप्पट-चौपट रेंज पुरे. उगाच मोठी बॅटरी म्हणजे उगाच वजन. बॅटरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबा. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर कंपनी सांगेल त्याप्रमाणे अधूनमधून पूर्ण भरा. पण घरी किंवा कामाच्या ठिकाणी रोजचं चार्जिंग नसेल, तर माझा सल्ला आहे की आत्ता घेऊ नका. कामावरून सुटल्यावर चार्जरसमोर रांगेत बसायचं असेल, तर शांत गाडी घेऊनही डोकं शांत राहत नाही.

राहिली जुनी गाडी. ठेवायला जागा असेल आणि तिचा खर्च घरच्या बाकी गोष्टींच्या आड येत नसेल, तर विकू नका. रोजच्या रखडपट्टीतून सुटल्यावर तिचंही भलंच होतं. इंजिनाचं पाणी गरम झाल्यावरही ऑइल गरम व्हायला आणखी वेळ लागतो, आणि रोजच्या थांबत-रखडत चालण्यात क्लच झिजतो. पण ती नुसती उभीही ठेवू नका. बॅटरी उतरू न देणारा छोटा चार्जर (बॅटरी मेंटेनर) लावून ठेवा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा म्हणजे ते एका जागी चपटे होत नाहीत, आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा तरी तिला अर्धा तास व्यवस्थित पळवा. जागेवरच पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं हे न करण्यापेक्षा वाईट. त्यात पाण्याची वाफ आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि बाहेर पडायला उष्णता मिळत नाही.

विकायचीच असेल, तर निदान सहा महिने थांबा. नवी गाडी अंगवळणी पडू द्या, मग एका रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना जुनी काढा आणि लांब चक्कर मारून या. परतल्यावर ती पुन्हा कधी काढता येईल याचा विचार मनात आला तर ठेवा. नुसतं इन्शुरन्सच्या हप्त्याचं आठवलं, तर तिला रोज घाटात नेणाऱ्या एखाद्याला देऊन टाका.