गर्भनिरोधक गोळी १२ तास उशिरा घेतली आणि त्याच रात्री संबंध आला, तर गर्भ राहील का?

गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन्ही हार्मोन असतील, तर १२ तासांच्या उशिराने घाबरू नका. आठवताच गोळी घ्या, पुढची ठरल्या वेळी. त्यासाठी एका दिवसात दोन घ्याव्या लागल्या तरी चालतं, फार तर थोडं मळमळेल.

शेवटच्या गोळीला ४८ तास किंवा जास्त उलटले असतील, तर मात्र सलग ७ दिवस गोळीसोबत कंडोमही वापरा. सगळ्यात नाजूक काळ म्हणजे नव्या पाकिटाचा पहिला आठवडा. आधीच ७ दिवस हार्मोन बंद असतात. ती सुट्टी लांबली की बीजांड सुटू शकतं. तेव्हा गोळ्या चुकल्या आणि मागच्या ५ दिवसांत संबंध आला असेल, तर आपत्कालीन गोळीसाठी लगेच डॉक्टरांना विचारा. हार्मोनच्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात चुकल्यास त्या गोळ्या संपवा आणि रिकाम्या (हार्मोन नसलेल्या) गोळ्या सोडून थेट नवं पाकीट सुरू करा.

फक्त प्रोजेस्टिनच्या गोळीचं गणित वेगळं असतं: डेसोजेस्ट्रेल या प्रोजेस्टिनच्या गोळीला १२ तासांच्या उशिराची सवलत, जुन्या प्रकारांना जेमतेम ३ तासांची. पाकिटावरचं नाव आधी वाचा.

मधेच डाग दिसणं गर्भाचं लक्षण समजू नका, उशिरा गोळीने तसं होतं. शंका राहिलीच तर संबंधानंतर २१ दिवसांनी लघवीची चाचणी करा. त्याआधीच्या ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका.