संघात नवीन आहेस, तर एवढं ऐक

तू समलिंगी आहेस हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकलंच पाहिजे, असं अजिबात नाही. कधी आणि कुणाला सांगायचं हे तूच ठरव. आधी कपडे बदलायच्या खोलीत कान उघडे ठेव. कुणी ‘बायल्या’ म्हणून चिडवलं की बाकीचे हसतात, की एखादा त्याला तिथेच गप्प करतो? समलिंगींना पाठिंबा म्हणून दंडावर बांधलेल्या इंद्रधनुषी पट्टीपेक्षा मला ही खूण जास्त भरवशाची वाटते. जो गप्प करतो, त्याच्याशी आधी बोल. धावपटू द्युती चंदने २०१९ मध्ये आपलं समलिंगी नातं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा घरूनच विरोध झाला. तरी ती धावत राहिली. प्रशिक्षक टोमणे कानाआड करत असतील, तर तारीख-वेळ लिहून ठेव आणि थेट व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार दे. एकट्याने जाऊ नकोस, मला हाक मार, मी सोबत येईन.