नॅनोटेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम पारखताना

प्रश्न : मुलगी फिजिक्स घेऊन टीवायबीएस्सीला आहे. पुढे नॅनोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करायचं म्हणते. अभ्यासक्रमात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंजिनीअरिंग सगळंच दिसतं. एक ना धड, भाराभर चिंध्या असं तर होणार नाही ना? – एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, शंका रास्त आहे. चार विभागांनी एकेक जुना पेपर द्यायचा आणि वर नॅनोची पाटी लावायची, असेही अभ्यासक्रम निघतात.

पण हा विषय एका विभागात मावत नाही, हेही खरं. कोविडच्या रॅपिड किटवरची लाल रेघ आठवते? बऱ्याच किटमध्ये ती सोन्याच्या नॅनोकणांमुळे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांमुळे उमटायची. सोनं लाल का दिसतं, हे सांगायला फिजिक्स लागतं. कण द्रावणात तयार करायला केमिस्ट्री. त्यांवर अँटीबॉडी चिकटवून विषाणू ओळखायला बायोलॉजी. चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी असा एखादा पदार्थ स्वतः बनवतो, मोजतो आणि वापरून बघतो; पेपर त्या ओघात येतात.

म्हणून विषयांच्या नावांपेक्षा त्यांचा क्रम बघा. पहिल्या सेमिस्टरला फिजिक्सवाल्यांना केमिस्ट्री-बायोलॉजीची आणि बायोलॉजीवाल्यांना क्वांटम फिजिक्सची तोंडओळख आहे का? नसेल तर निम्मा वर्ग पहिल्या महिन्यातच हरवतो. प्रॅक्टिकलला किती क्रेडिट आहेत? शेवटचं सेमिस्टर पूर्ण प्रोजेक्टला दिलंय का? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप महागडा असतो. नमुने बाहेर तपासायला पाठवले तर बिघडत नाही. मात्र नमुना तिने स्वतः तयार करायला हवा आणि आलेल्या चित्राचा, आलेखाचा अर्थ तिलाच लावता यायला हवा.

माहितीपत्रकात सहसा नसते अशी एक गोष्ट. सीएसआयआर-नेट या संशोधनवृत्ती आणि प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला नॅनोचा वेगळा पेपर नाही. मुलीला भौतिक किंवा रसायनशास्त्राच्याच पेपरला बसावं लागेल. पीएचडी किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल, तर मी एमएस्सी फिजिक्सकडे झुकेन आणि प्रोजेक्ट नॅनोमटेरियल्सवर घ्यायला सांगेन. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती तयारी टीवायलाच सुरू करावी. थेट उद्योगात जायचं असेल, तर वरच्या कसोट्यांना उतरणारा नॅनोचा अभ्यासक्रम खुशाल घ्या.

कलिना संकुलात मुंबई विद्यापीठाचं नॅनोविज्ञानाचं केंद्र आहे. मुलीला तिथे एकटीच जाऊ द्या, आणि शिकणारी मुलं भेटली तर उपकरणांवर स्वतः किती वेळा बसायला मिळतं, एवढंच विचारून यायला सांगा.