तुझा खर्चाचा तक्ता पाहिला

प्रिय दोस्ता,

परदेशात कंपनी काढायच्या खर्चाचा तुझा तक्ता नीट वाचला. नोंदणीची फी, वेबसाइट, लोगो, विमानाचं तिकीट आणि खाली बेरीज. बेरीज बरोबर आहे, पण गिऱ्हाइकाकडून पहिल्या बिलाचे पैसे येईपर्यंतचे महिने त्यात कुठेच नाहीत. कंपनी चालली नाही तर ती बंद करायला काय लागेल, तेही नाही. परदेशात गेलेल्यांचे पैसे बहुतेक वेळा या दोन ठिकाणी संपतात. नोंदणीत कुणी बुडाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सिंगापूरचंच बघ. नाव मंजूर करून घेणं आणि नोंदणी मिळून सरकारी फी ३१५ सिंगापूर डॉलर, भांडवल एक डॉलर असलं तरी चालतं. यावरच भाळून लोक निर्णय घेतात. पण कायद्याने किमान एक संचालक तिथला रहिवासी लागतो, आणि सहा महिन्यांच्या आत कंपनी सेक्रेटरी, म्हणजे कंपनीची कायदेशीर कागदपत्रं सांभाळणारा माणूस, नेमावा लागतो. तू तिथे राहायला जाणार नसशील, तर हा नामधारी संचालक पैसे देऊन मिळवावा लागेल आणि त्याचं बिल दर वर्षी येईल. म्हणून आधी ‘एकदाच’ आणि ‘दर वर्षी’ असे दोन रकाने पाड. दुसरा जड निघाला तर दचकू नकोस, तो जडच निघतो.

जर्मनीच्या ओळीत तू २५,००० युरो खर्चात धरले आहेस. तो खर्च नाही, जीएमबीएच प्रकारच्या (म्हणजे तिथल्या प्रायव्हेट लिमिटेड) कंपनीचं ते किमान भांडवल आहे. नोंदणीआधी त्यातले निदान १२,५०० भरावे लागतात, आणि नोंदणी झाली की ते कंपनीच्या कामाला वापरता येतात. खर्चात धरायची ती नोटरीची फी, कोर्टातल्या नोंदीची फी आणि सल्लागाराचं बिल. एक युरोवर सुरू होणारी यूजी, म्हणजे जीएमबीएचचाच छोटा प्रकार, स्वस्त दिसते खरी, पण भांडवल रीतसर वाढवून २५,००० करेपर्यंत दर वर्षीच्या नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत बाजूला ठेवावा लागतो. त्या पैशावर घर चालवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडून दे.

अमेरिकेतलं डेलावेअर राज्य तुझ्या यादीत वर आहे, म्हणून तिथलं जरा सविस्तर सांगते. स्टार्टअपवाले तिथे सहसा एक कोटी अधिकृत शेअर (कंपनीला जास्तीत जास्त काढता येतील तेवढे) ठेवून कॉर्पोरेशन काढतात. पुढे फ्रँचायझी टॅक्सची, म्हणजे तिथे नोंदलेल्या कंपनीकडून राज्य दर वर्षी घेतं त्या कराची, नोटीस येते ८५,१६५ डॉलरची! कंपनीच्या खात्यात कदाचित तेवढे पैसेही नसतात. हिशोब मात्र चोख असतो: पहिल्या दहा हजार शेअरना २५० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक दहा हजारांना ८५. पण कायद्यातच दुसरी पद्धत आहे. ती कंपनीच्या मालमत्तेवर चालते, आणि नव्या, रिकाम्या कंपनीला तिने साधारणपणे किमान कर लागतो, म्हणजे ४०० डॉलर. वर वार्षिक अहवालाचे ५०. मुदत १ मार्च. नोटीस पहिल्या पद्धतीने येते. दुसरी लावून अहवाल भरणं हे तुझं किंवा तुझ्या अकाउंटंटचं काम.

त्यापेक्षा एलएलसी (मर्यादित जबाबदारीची, साध्या रचनेची कंपनी) बरी, वर्षाला सरसकट ३०० डॉलर, असं तुला कुणीतरी सांगेलच. राज्यापुरतं ते खरं आहे. मात्र एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीला अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे फॉर्म ५४७२ द्यावा लागतो, त्यात मालक आणि कंपनी यांच्यातले व्यवहार दाखवायचे असतात. तू कंपनीत घातलेलं भांडवलही त्यात दाखवायचं असतं, म्हणजे कर शून्य असला तरी फॉर्म चुकत नाही. राहिला तर दंड २५,००० डॉलर. अकाउंटंटच्या ओळीत तू काटकसर केली आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

ब्रिटनमध्ये दंड एवढे मोठे नाहीत, पण वार्षिक हिशोब एक दिवस उशिरा गेला तरी १५० पौंड, आणि सहा महिन्यांवर गेला तर १,५००. कंपनीने वर्षभर काहीच व्यवहार केला नसला तरी सूट नाही. तिथली ऑनलाइन नोंदणीची फी १२ पौंडांवरून मे २०२४ मध्ये एकदम ५० झाली. तेव्हा कुठलाही आकडा, माझे आकडेसुद्धा, पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी साइटवर तपासून घे. एजंटच्या जाहिरातीतला धरू नकोस.

माणूस नेमणार असशील तर पगार गुणिले बारा एवढ्यावर भागत नाही. जर्मनीत सामाजिक विम्याचा मालकाचा वाटा कपातीआधीच्या पगारावर आणखी सुमारे एक पंचमांश पडतो. भरपगारी रजा आणि काढताना द्यावी लागणारी नोटीस निराळी. व्हॅट लागू असेल तर गिऱ्हाइकाकडून आलेली ती रक्कम खात्यात दिसते, पण ती सरकारची असते. ती वेगळ्या खात्यात टाकायची सवय पहिल्या बिलापासून लाव.

बँक खात्याला तू एक आठवडा दिला आहेस. मालक परदेशी म्हटलं की बँका कागदांवर कागद मागतात आणि कित्येकदा महिने जातात. तोवर बिल पाठवूनही पैसे घ्यायचे कुठे हा प्रश्न राहतो, आणि तुझं घरभाडं काही थांबत नाही. तुझा स्वतःचा घरखर्च तक्त्यात नाही, तो सगळ्यात वर लिही. कमाई एका चलनात आणि खर्च दुसऱ्यात असेल तर दर दहा टक्क्यांनी विरुद्ध गेला असं धरून बेरीज एकदा परत कर.

आणि बंद करण्याची ओळ. जर्मनीत कंपनी गुंडाळायची तर देणेकऱ्यांना जाहीर नोटीस दिल्यावर सर्वसाधारणपणे वर्षभर थांबावं लागतं. त्या वर्षातही हिशोब, विवरणपत्रं आणि सल्लागाराची फी चालूच.

आता आडवे अठरा महिने मांड, पहिल्या सहांत कमाई शून्य धर, आणि प्रत्येक देशाचा तक्ता वेगळ्या पानावर कर. डेलावेअरच्या पानावर अकाउंटंटचं लेखी कोटेशन हवं, त्यात फॉर्म ५४७२ चं काम धरलंय का ते विचारून घे. मग पाठव, मी बघते.

तुझी,
ताई